पावसाचा हिशेब मांडणारा गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र तोंडावर आले की आपल्याकडच्या शेतकऱ्याची नजर आपोआप आभाळाकडे वळते. नांगरट झालेली असते, कुळवाच्या पाळ्या घालून झालेल्या असतात, बियाणे घरात येऊन पडलेले असते. वाट असते ती फक्त पावसाची. यंदा पाऊस कसा होईल, या प्रश्नाचे उत्तर माणूस शेकडो वर्षे शोधत आला आहे. पंचांगातील नक्षत्राचे वाहन पाहून, पावशाच्या ओरडण्यावरून, कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या फांदीवर बांधले यावरून अंदाज बांधले गेले. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी ही त्याच शोधाची एक तऱ्हा होय. या साऱ्यांमागे अज्ञान होते असे म्हणून हसणे सोपे आहे; परंतु त्यांच्यामागे पोटाची भीती होती, हे विसरून चालणार नाही.

इ. स. १९०४ मध्ये हाच प्रश्न केंब्रिजच्या एका गणितज्ञासमोर येऊन उभा राहिला. त्याने हवामानशास्त्राचा रीतसर अभ्यास केलेला नव्हता आणि शेतीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. वीस वर्षे तो सिमल्याला बसून आकडे मांडत राहिला आणि आपल्या पावसाची पाळेमुळे जावा, सामोआ, नाईल नदी, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या ठिकाणी शोधत राहिला. जे उत्तर शोधायला तो निघाला होता ते त्याला पुरतेपणी सापडले नाही. जे सापडले त्याचा अर्थ त्याच्या हयातीत कोणाला नीट लागला नाही. आज वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ हा शब्द आपण दर वर्षी वाचतो. त्या शब्दाच्या मुळाशी ज्याचे परिश्रम आहेत त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आले असेल. म्हणून हा चरित्रपर लेख.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या गावी झाला. वडील अभियंते होते. पुढे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडनला राहावयास गेले. शिष्यवृत्ती मिळवून गिल्बर्ट लंडनच्या सेंट पॉल शाळेत दाखल झाला. गणिताइतकीच त्याला फिरत्या वस्तूंची ओढ होती. शाळेत असतानाच त्याने स्वतःच्या हाताने भिरभिरणारे घूर्णदर्शक यंत्र तयार केले होते. १८८६ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८८९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला येऊन ‘सीनियर रँग्लर’ झाला. हा किताब महाराष्ट्राला परका नाही. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, आपल्या रँग्लर परांजप्यांनी तो पटकावला आणि साऱ्या देशात आनंदाची लाट उसळली होती.

अभ्यासाचा ताण मात्र प्रकृतीला मानवला नाही. वॉकरांची तब्येत ढासळली आणि त्यांना तीन हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे त्यांनी बर्फावरील स्केटिंगची कला आत्मसात केली. प्रकृती सुधारल्यावर ते ट्रिनिटीत गणित शिकवू लागले. या काळात त्यांना एक विलक्षण छंद जडला. ऑस्ट्रेलियातील आदिवासी शिकारीसाठी वापरतात ते बूमरँग केंब्रिजच्या हिरवळीवर फेकायचे आणि ते हवेत कसे वळते, फेकणाऱ्याकडे परत का येते याचे गणित मांडायचे! विद्यार्थी त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणू लागले. १८९७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. याखेरीज विद्युच्चुंबकीय क्षेत्रावरील कार्यासाठी त्यांना केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. बासरी हा त्यांचा आणखी एक छंद. ते ती नुसती वाजवीत नसत, तर तिची रचना सुधारण्याचाही विचार करीत. एकूण, पुढील सारे आयुष्य केंब्रिजच्या शांत वातावरणात जावे असाच हा माणूस होता.

परंतु त्याच सुमारास हिंदुस्थानात काय घडत होते?

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण हिंदुस्थानात आणि दख्खनच्या पठारावर भयंकर दुष्काळ पडला. सोलापूर, अहमदनगर, विजापूर या जिल्ह्यांतील गावेच्या गावे उठून गेली. देशभर मिळून लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. हवामान खात्याची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७५ मध्ये झाली होती आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने आपल्या अहवालात पावसाच्या पूर्वसूचनेची गरज सांगितली. ब्लॅनफर्ड यांना असे आढळले होते की, हिमालयात वसंत ऋतूत बर्फ अधिक पडले की पुढचा पावसाळा दुबळा होतो. या आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज अधिकृतपणे प्रसिद्ध होऊ लागले. जगात अशा प्रकारचा हा पहिलाच नियमित प्रयत्न होता.

ब्लॅनफर्ड यांच्यामागून सर जॉन इलियट आले. त्यांचे अंदाज पुष्कळ विस्ताराने लिहिलेले असत. १८९९ साली पाऊस सरासरीहून बरा होईल असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात त्या वर्षी पावसाने अशी पाठ फिरवली की गुजरात आणि राजस्थानात तो दुष्काळ ‘छप्पनिया’ या नावाने लोकांच्या स्मरणात कायमचा कोरला गेला, कारण ते विक्रम संवताचे १९५६ वे वर्ष होते. महाराष्ट्र तर १८९६-९७ च्या दुष्काळातून आणि प्लेगातून अजून सावरलाही नव्हता. वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेचा भडिमार केला. पुढे काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठेवून केवळ सरकारपुरते काढले गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाऊस न पडणे म्हणजे दुष्काळ, हे अर्धेच सत्य आहे. पीक बुडाले तरी शेतसारा चुकत नव्हता आणि लोक उपाशी असताना धान्य रेल्वेने बंदरांकडे जात होते. दादाभाई नौरोजींनी हिंदी दारिद्र्याचे कारण आकडेवारीनिशी मांडले होते. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत दुष्काळसंहितेत सांगितलेले हक्क शेतकऱ्यांना समजावून दिले होते. तेव्हा आभाळाचा अपराध किती आणि राज्यकर्त्यांचा किती, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. वॉकर हे त्याच राज्यकर्त्यांच्या नोकरीत आले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. पण त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न खराच होता आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे हाताळला.

इलियट यांच्या ध्यानात आले होते की, नुसत्या अनुभवावर आणि तर्कावर हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी पहिल्या प्रतीचा गणिती हवा. म्हणून त्यांच्या जागी १९०४ मध्ये वॉकर यांची नेमणूक झाली. वेधशाळांचे महासंचालक असे त्यांचे पद होते. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनेही त्यांना सदस्यत्व दिले. हवामानशास्त्रात कोऱ्या पाटीने आलेल्या या माणसाने प्रथम स्वतःच्या अज्ञानाची कबुली स्वतःशी दिली. वाऱ्याच्या आणि पावसाच्या गतीची समीकरणे सोडवून पुढच्या पावसाळ्याचे उत्तर काढता येईल असे त्यांना वाटेना. वातावरणाचा पसारा अफाट आणि निरीक्षणे तुटपुंजी. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. कारण ठाऊक नसले तरी कोणत्या गोष्टीमागून कोणती गोष्ट येते हे तर आकड्यांवरून पाहता येईल! त्या काळी नव्याने विकसित होत असलेल्या संख्याशास्त्रातील ‘सहसंबंध’ ही कल्पना त्यांनी हाती घेतली.

सहसंबंध म्हणजे काय, हे आपल्यासारख्या कलाशाखेच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. समजा, पन्नास वर्षांचे हिमालयातील बर्फाचे आकडे एका रकान्यात आणि त्याच वर्षांचे पावसाचे आकडे दुसऱ्या रकान्यात लिहिले. एक वाढले की दुसरेही नेमके त्याच प्रमाणात वाढते असे दर वर्षी दिसले, तर सहसंबंध गुणक अधिक एक येतो. एक वाढले की दुसरे नेमके त्याच प्रमाणात घटते असे दिसले, तर तो उणे एक येतो. दोहोंत काहीच मेळ नसेल, तर गुणक शून्याच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात आकडे या दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी पडतात आणि तेथेच कसोटी लागते.

वॉकरांनी जगभरच्या वेधशाळांकडून आकडे मागवले. दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, मॉरिशसचा दाब, झांजिबारचा पाऊस, जावा बेटाचा पाऊस, ऑस्ट्रेलिया, सामोआ, होनोलुलू, उत्तरेकडे आइसलँड आणि अलास्का! प्रत्येक ऋतूची प्रत्येक ऋतूशी तुलना करायची म्हणजे हजारो गुणक काढावे लागणार. त्या वेळी संगणक नव्हते. सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकून आणि सहायक हाताने बेरजा-गुणाकार करीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही इंग्रज अधिकारी युद्धकामावर गेले, तरी हे काम थांबले नाही. जगाच्या हवामानशास्त्राच्या इतिहासात वॉकरांचे नाव झळकते. ज्यांच्या लेखणीतून ते आकडे उतरले त्या माणसांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत. ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

या पद्धतीत एक मोठा धोका असतो आणि तो वॉकरांनी फार लवकर ओळखला. वर्गातील शंभर मुलांनी प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवले, तर एखाद्याला सहाही वेळा छापा पडेल. म्हणून त्याच्या हाताला काही सिद्धी आहे असे आपण म्हणणार काय? त्याचप्रमाणे शेकडो गुणक काढले की त्यांतील काही निव्वळ योगायोगाने मोठे येणारच. जितक्या अधिक जोड्या तपासाल, तितकी विश्वासाची अट अधिक कडक हवी, अशी कसोटी त्यांनी १९१४ मध्ये मांडली. त्यांच्या काळात सूर्यावरील डागांवरून पाऊस सांगण्याची मोठी हौस होती. वॉकरांनी तो संबंध आकड्यांनी तपासला आणि त्यावर भिस्त ठेवण्याइतके त्यात काही नाही असे दाखवले. हिंदुस्थानचे हवामान कायमचे बिघडत चालले आहे, अशीही तेव्हा बोलवा होती. १९१० च्या एका निबंधात त्यांनी जुन्या नोंदी तपासून तिला पुरावा नाही असा निर्वाळा दिला. तो त्यांच्यापुढच्या नोंदींपुरता होता. आजचे वाढते तापमान हा त्यानंतरचा आणि वेगळा प्रश्न आहे.

या शोधात नाईल नदी कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. ईजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेथील शेती त्या काळी नाईलच्या पुरावर चालत असे. कैरोजवळच्या रोडा बेटावरील नाईलमापकावर पुराच्या पातळीच्या नोंदी इसवी सनाच्या सातव्या शतकापासून होत आल्या होत्या. एवढी जुनी जलनोंद जगात विरळाच. हा पूर येई तो मुख्यतः इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून, निळ्या नाईलमधून. आणि तेथे पाऊस पडतो तो जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्याच पावसाळ्यात. वॉकरांच्या कोष्टकांत एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली : हिंदुस्थानात पावसाळा चांगला झाला की नाईलचा पूरही मोठा आणि येथे पाऊस हटला की तेथेही नदी खालावलेली. १८७७ आणि १८९९ ही आपल्याकडील दुष्काळाची वर्षे. याच वर्षी नाईलही सरासरीच्या खाली होती. भीमेच्या काठचा शेतकरी आणि नाईलच्या काठचा फेल्लाह या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण त्यांचे नशीब एकाच दोरीने बांधलेले होते. ती दोरी कोणती?

याचे उत्तर देण्याचा प्रयत्न वॉकरांनी १९२३ आणि १९२४ मधील निबंधांतून केला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागरी टापूत तो घटतो. तिकडे घटला की इकडे वाढतो. तराजूची दोन पारडी वर-खाली व्हावीत तसे हे चालते आणि एक झोका पुरा व्हायला काही वर्षे लागतात. स्वीडनचे हिल्डेब्रँडसन आणि इंग्लंडचे लॉक्यर पितापुत्र यांना या विरोधाची चाहूल आधीच लागली होती. परंतु पाऊस, तापमान आणि नद्यांचे पूर या सर्वांना त्यात गुंफून एक जागतिक चित्र उभे केले ते वॉकरांनी. या झोक्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांवरील असेच दोन लहान झोकेही त्यांनी दाखवून दिले. हिंदी महासागराकडील पारडे वर, म्हणजे दाब अधिक असलेल्या वर्षी हिंदुस्थानात पाऊस उणा, जाव्यात उणा, नाईलचा पूर उणा. उलट झाले तर सगळीकडे सुकाळ. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ब्राझीलच्या सेआरा प्रांतातील अवर्षणांचाही असाच मागोवा घेतला.

हवामानाच्या या व्यापात असताना त्यांनी दोन हिंदी तरुणांची पारख केली, तीही सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये ते मद्रासला गेले असता तेथील पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकरांनी लगेच मद्रास विद्यापीठाच्या निबंधकांना पत्र लिहून या तरुणाला पोटाच्या चिंतेतून सोडवावे अशी शिफारस केली. विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यानंतर वर्षभराने रामानुजन केंब्रिजला गेले. दुसरे प्रशांतचंद्र महालनोबिस. वॉकरांनी त्यांच्यापुढे हवामानाचे काही सांख्यिकी प्रश्न ठेवले आणि १९२२ मध्ये महालनोबिस कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानतज्ज्ञ झाले. पुढे त्यांनी उत्तर बंगालच्या आणि ओरिसाच्या महापुरांचा पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास केला. पाऊस आणि नदी यांचा हिशेब मांडण्याची ही परंपरा आपल्या देशात रुजली, तिचे एक मूळ येथे आहे.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३४ पर्यंत तेथे त्यांनी अध्यापन केले. इकडे हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. वॉकर त्या वास्तूत बसले नाहीत. परंतु त्यांची सूत्रे, त्यांची कोष्टके आणि त्यांची पद्धत तेथे आली.

आता प्रश्न असा की, त्यांच्या सूत्रांनी पाऊस सांगता आला काय? उत्तर अर्धे होकारार्थी आणि अर्धे नकारार्थी आहे. काही वर्षी अंदाज जमले, काही वर्षी फसले. एका काळात घट्ट वाटलेले संबंध पुढच्या काळात सैल पडले आणि सूत्रांतील घटक एकामागून एक बदलावे लागले. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हिंदुस्थानच्या पावसाचा संबंध त्याच्या आधी घडणाऱ्या घटनांपेक्षा नंतर घडणाऱ्या घटनांशी अधिक बळकट निघाला! म्हणजे आपल्या मोसमावरून पुढे इतर देशांत काय होईल हे अधिक सांगता येई. पण आपला मोसम कसा जाईल, हे सांगायला दुसरे कोणी तितके उपयोगी पडत नव्हते. वॉकरांच्या नंतरचे एक महासंचालक चार्ल्स नॉर्मंड यांनी ही विसंगती १९५३ मध्ये मोकळेपणाने मांडली होती. ज्या शेतकऱ्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याच्या पदरी निश्चित असे फार थोडे पडले.

वॉकरांना स्वतःला याची जाणीव होती. सूत्रातून येणारा आकडा सामान्याच्या अगदी जवळ असेल, तर अंदाज प्रसिद्धच करू नये. शक्यता पुरेशी प्रबळ असेल तेव्हाच बोलावे, असे त्यांचे मत होते. चूक लपवण्यापेक्षा मौन बरे, ही शिस्त त्यांनी खात्याला लावली. या झोक्याचे कारण त्यांना सांगता आले नाही. पण वातावरणाला एवढी दीर्घ स्मृती असणे शक्य नाही, तेव्हा यामागे महासागराचा हात असावा, अशी त्यांना शंका होती. महासागराच्या तापमानाच्या पुरेशा नोंदी मात्र त्या काळी उपलब्ध नव्हत्या. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, इंग्लंडमधील सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांत त्यांच्या परिश्रमांचा गौरव झाला. परंतु त्यातून जगाच्या हवामानाचा सिद्धांत निघेल ही आशा फळाला आली नाही, असाही सूर निघाला.

आणि नेमके त्याच वेळी उत्तर हाती येत होते! १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होते. जगभरची जहाजे आणि वेधशाळा एकाच वेळी नोंदी घेत होत्या. त्याच काळात प्रशांत महासागराचे पाणी विषुववृत्तालगत हजारो मैल तापले होते. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना असे तापणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नाताळाच्या सुमारास येणारे हे गरम पाणी म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले होते : एल निनो. कॅलिफोर्नियात राहणारे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी या नोंदी अभ्यासल्या. कोळ्यांचा एल निनो आणि वॉकरांचे दक्षिणी आंदोलन ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

ती गोष्ट अशी. एरवी विषुववृत्तालगत व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि प्रशांत महासागराचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तेथे हवा तापून वर चढते, ढग दाटतात, पाऊस पडतो. वर चढलेली हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन पेरूच्या बाजूला थंड पाण्यावर उतरते. असे एक प्रचंड रहाट चालू असते. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि रहाटाची चढती बाजू मध्य प्रशांताकडे सरकते. मग इंडोनेशिया, भारत आणि इथिओपिया या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली बसणारी हवा ढग वाढू देत नाही. मोसम रुसतो. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी या रहाटाला ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले. ज्याच्या हातून सिद्धांत निसटला, त्याचेच नाव त्या सिद्धांताला लागले.

महासागरातील हा फेरफार नद्यांमध्ये अधिकच ठळक होतो. पाऊस पडला की पहिला घोट तहानलेली जमीन घेते, दुसरा झाडेपिके घेतात. जे उरते ते ओढ्यांतून नदीला मिळते. म्हणून पाऊस चार आणे घटला, तर नदीचे पाणी चार आण्यांहून अधिक घटते. नाईलच्या वार्षिक प्रवाहात जी नैसर्गिक चढउतार होते तिचा सुमारे पाव हिस्सा एल निनोशी निगडित असल्याचे १९९६ मधील एका अभ्यासात दिसून आले. आपल्या गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतही मोसमाचा रुसवा असाच वाढून उतरतो. धरणात किती पाणी येईल, कालव्याला किती सोडायचे, पिण्यासाठी किती राखायचे, हे सारे हिशेब शेवटी त्या दूरच्या पाण्याच्या तापमानाशी जाऊन भिडतात.

तरीही या चक्राला घड्याळ समजणे चुकीचे ठरेल. १९७२ साली एल निनो होता आणि महाराष्ट्र होरपळला. परंतु १९९७ मध्ये शतकातील अत्यंत प्रबळ एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतही तापमानाचा असाच झोका असतो आणि तो कधी एल निनोला साथ देतो, कधी त्याची धार बोथट करतो, हे १९९९ च्या सुमारास ध्यानात आले. १९८८ पासून आपल्या हवामान खात्याने डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरले. ते वॉकरांच्याच पद्धतीचे वारसदार होते. बरीच वर्षे त्याने चांगली साथ दिली, पण २००२ मध्ये पाऊस सुमारे एकोणीस टक्के उणा पडला आणि तो अंदाज चुकला. त्यानंतर प्रारूपे बदलली. आज प्रशांत महासागरात तरंगत्या यंत्रांची रांग आहे, उपग्रह आहेत, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत महासंगणक आहेत. एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. परंतु अमुक गावच्या शिवारात अमुक दिवशी पेरणीजोगा पाऊस होईल, हे मार्च महिन्यात सांगणे आजही कोणाच्या आवाक्यात नाही.

मग वॉकरांच्या आयुष्यभराच्या हिशेबाचे फलित काय? १८७७ आणि १९७२ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही वर्षी महासागराने आपल्याला तोंडघशी पाडले. पहिल्या वेळी लाखो माणसे मेली. दुसऱ्या वेळी लोकांनी मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, फार सोसले. पण माणसे तशी मेली नाहीत, कारण गावोगाव कामे निघाली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. पावसाचा झोका आपल्या हाती नाही. तो येणारच. वॉकरांनी आपल्याला शिकवले ते हेच की, दुष्काळ हा एखाद्या गावाच्या पापाचे फळ नसून साऱ्या पृथ्वीच्या श्वासोच्छ्वासाचा भाग आहे आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा येईल असे धरूनच चालले पाहिजे. त्याची सूचना थोडी आधी मिळाली तर उत्तमच. न मिळाली तरी कोठारात धान्य, तलावात पाणी आणि हाताला काम असेल, तर आभाळाच्या रुसव्याला माणसाच्या मरणाचे रूप येत नाही. हिशेब मांडण्याचे काम एका गणितज्ञाने वीस वर्षे निष्ठेने केले. त्या हिशेबाप्रमाणे वागण्याचे काम मात्र आपल्या सर्वांचे आहे.